खिडकीतला युतुख

रविवारी उपासनेत मला जरा डुलकी लागली. डुलकी हे माझं म्हणणं, बायकोच्या मते मी चक्क घोरत होतो आणि पुढच्या बाकावरची दोन पोरं वळून वळून बघत होती. दुपारी घरी आल्यावर तिच्यासमोर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 उघडून ठेवला. आपल्या पार्टीचा एक माणूस आहे तिथे, युतुख.

त्रोवसमधली ती रात्र. प्रेषित पौल दुसऱ्या दिवशी निघणार, म्हणून बोलतोय तो बोलतोयच, मध्यरात्र झाली तरी संपत नाही. हा पोरगा खिडकीत बसलेला, आधी पेंगला मग गाढ झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली. उचलला तेव्हा मेलेला होता. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं, म्हणाला घाबरू नका, जीव आहे याच्यात. आता एवढं झाल्यावर कोणीही म्हणेल की चला, आज इथेच थांबू. पौल परत वर गेला, भाकर मोडली, खाल्ली आणि उजाडेपर्यंत बोलत बसला!

लहानपणी संडे स्कूलच्या बाईंनी विचारलं होतं, यातून आपण काय शिकतो? मी हात वर करून सांगितलं, खिडकीत बसू नये. सगळी पोरं खिदळली. बाईंना कुठलं उत्तर पाहिजे होतं ते आजतागायत मला कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या उत्तरात चूक काय होती तेही नाही.

मला त्यातले दिवे फार आवडतात. माडीवर पुष्कळ दिवे होते असं हे सगळं लिहिणारा लूक मध्येच सांगून टाकतो, गोष्टीला त्याची काही गरज नसताना. पण लूक पडला वैद्य. एवढे दिवे, तेलाचा वास, गर्दी, कोंदलेली हवा... पोराची बाजूच घेतोय तो, असं मी आपलं धरून चाललोय. विद्वान लोक काय म्हणतात ते बघायच्या फंदात मी पडलेलो नाही. आणि युतुख या नावाचा अर्थ म्हणे नशीबवान!

हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती हसली, आणि कपडे घड्या करता करता म्हणाली, पण तो एवढं बोलत का होता?

का म्हणजे, सकाळी निघायचं होतं ना त्याला. वाचलंय की मी हे शंभरदा. त्याच अध्यायात पुढे तो इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगतो की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही, आणि ते त्याच्या गळ्यात पडून रडतात. पण मी आपला कायम खिडकीतल्या बाजूनेच वाचत आलो.

हॉस्टेलला जायच्या आदल्या रात्री पपा माझ्या कॉटवर येऊन बसले होते. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, त्या रात्री काय सुटले होते! ट्रंकेच्या किल्लीपासून सुरुवात झाली, मग त्यांच्या पहिल्या नोकरीचं काहीतरी, मग आजोबांचं, म्हणजे आजोबा शेवटी त्यांना काय म्हणाले ते. तिथपर्यंत आठवतंय. पुढे मी झोपलो.

पपांनी उठवलं नाही. अंगावर चादर घातली, लाईट बंद केला आणि गेले.