साईड देणारा हात

कोल्हापूर, रविवार रात्र

आज दुपारी खिडक्यांचे पडदे उघडे ठेवूनच 'ड्युएल' पुन्हा पाहिला, कारण हा चित्रपट स्वतःच जवळजवळ सगळा भर उन्हात घडतो. भयपट म्हटला की अंधार, धुके, पडका वाडा, करकरणारे दार अशी जी सामग्री आपण गृहीत धरतो, तिच्यापैकी येथे काहीही नाही. कॅलिफोर्नियातला कोरडा डोंगराळ रस्ता आहे, कामानिमित्त लाल प्लिमथ गाडीतून निघालेला डेव्हिड मॅन नावाचा चारचौघांसारखा नोकरदार आहे, आणि त्याच्या मागे लागलेला एक मळकट, गंजका टँकर आहे. हा चित्रपट केला तेव्हा स्टीव्हन स्पिलबर्ग २४ वर्षांचा होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये एबीसी वाहिनीवर तो टीव्हीपट म्हणून दाखवला गेला तेव्हा त्याची लांबी ७४ मिनिटे होती. पुढे चित्रपटगृहांसाठी काही प्रसंग नव्याने चित्रित करून तो ९० मिनिटांचा करण्यात आला.

टँकरच्या धडकांपेक्षा मला जास्त अस्वस्थ करतो तो एक हात. टँकर वाट अडवून रेंगाळत असतो, मॅन मागे चडफडत असतो, आणि तेवढ्यात चालकाच्या खिडकीतून हात बाहेर येऊन 'जा पुढे' अशी खूण करतो. मॅन विश्वासाने गाडी बाहेर काढतो, तर समोरून दुसरी गाडी अंगावर येत असते! आंबा घाटात भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलेल्या कोणालाही हा हात ओळखता येईल. वळणापलीकडचे आपल्याला दिसत नाही, ट्रकवाल्याला दिसते. तो मनगटातून हात हलवतो, आपण गिअर बदलून पुढे निघतो आणि जाता जाता हॉर्नचा छोटासा आवाज देऊन आभार मानतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, चेहरा दिसलेला नसतो, तरीही पाठीमागे बसलेल्या बायकामुलांसकट आपण आपला जीव त्या हाताच्या भरवशावर सोडतो. हायवेवरची सगळी वाहतूक अशा अनोळखी माणसांच्या भरवशावर चालते, आणि या प्रकारच्या चित्रपटातली भीती नेमकी तेथेच सुरुंग लावते. भूत असते तर एवढी भीती वाटली नसती, कारण भुतावर कोणी विश्वास टाकलेला नसतो.

त्या चालकाचा चेहरा शेवटपर्यंत दाखवलेला नाही. दिसतात ते फक्त हात आणि बूट. टँकरच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा लटकत असतात, त्या कोणाच्या आणि तेथे कशा आल्या याबद्दल पटकथा एक अक्षरही बोलत नाही. नंबरप्लेटवरून माणूस जोखण्याची सवय आपल्याकडे अंगवळणी पडलेली आहे. एमएच ०९ दिसली की आपला, केए २३ दिसली की चिकोडी-निपाणीकडचा, एवढ्यावर आपण त्याच्या गाडी चालवण्याबद्दल मतही बनवून मोकळे होतो. येथे प्लेटा भरपूर आहेत आणि पत्ता एकही लागत नाही.

पटकथाकार रिचर्ड मॅथेसनला हे कथाबीज स्वतःच्या अनुभवातून मिळाले होते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, मित्राबरोबर गाडीतून परतत असताना एक ट्रक त्यांच्या अगदी मागे लागला होता. त्या घटनेवरून त्याने आधी कथा लिहिली आणि मग तिचीच पटकथा केली. त्या ट्रकवाल्याला काय हवे होते हे त्याने कथेत सांगितले नाही, यातच त्याची खरी समज दिसते.

उत्कंठा कशी बांधावी याचा धडा मात्र रेडिएटरच्या नळीत आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पेट्रोल पंपावरचा माणूस मॅनला सांगतो की रेडिएटरची नळी बदलायला हवी, आणि मॅन ते उडवून लावतो. टेबलाखालच्या बॉम्बची प्रेक्षकाला आधीच कल्पना दिली तर साध्या गप्पांचा प्रसंगही श्वास रोखून पाहिला जातो, असे थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक सांगत असे. ही नळी तसाच बॉम्ब आहे. ती फुटते चढावर, टँकर मागे असताना, आणि तापमानाचा काटा वर चढत जाताना गाडीचा वेग मात्र उतरत जातो. करूळ घाटात बॉनेट उघडून, वाफ निवण्याची वाट पाहत बाटलीतले पाणी हातात धरून उभी असलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला या प्रसंगातले यंत्रशास्त्र समजावून सांगावे लागत नाही.

रस्त्याकडेच्या खाणावळीतला प्रसंग मला सर्वांत सरस वाटतो. मॅन तोंड धुऊन बाहेर येतो तर टँकर खिडकीबाहेर उभा असतो. म्हणजे आत बसलेल्यांपैकीच कोणीतरी तो आहे. मग तो एकेकाचे बूट न्याहाळू लागतो, आणि बहुतेकांच्या पायात तसलेच बूट असतात. अखेर तो सँडविच खाणाऱ्या एका भल्या माणसाला जाब विचारतो, मार खातो, आणि टँकर बाहेरच्या बाहेर सुरू होऊन निघून जातो. येथे मॅनचे मनातले बोलणे ऐकवले आहे, ते मला अनावश्यक वाटते. नुसते बूट पुरेसे होते. याउलट नंतर जोडलेला शाळेच्या बसचा प्रसंग मी कधीही कापू देणार नाही. बंद पडलेली मुलांची बस मॅनच्या गाडीने हलत नाही, पण तोच टँकर येऊन तिला अलगद ढकलून मार्गी लावतो. म्हणजे तो चालक जगाचा वैरी नाही, फक्त याचाच वैरी आहे, आणि का, ते कळायला मार्ग नाही.

'द हिचर' (१९८६) मध्ये पावसात लिफ्ट मागणारा माणूस गाडीतच येऊन बसतो, तेव्हा निदान त्याच्याशी बोलता तरी येते. आपल्याकडच्या 'एनएच १०' (२०१५) मधल्या पाठलागाला तर कारण आहे, घराणे आहे, गावकीचा पाठिंबा आहे. तेथे भीती वाटते ती अख्ख्या व्यवस्थेची, आणि ती अधिक खरी असली तरी तिची जात वेगळी आहे.

मराठीत असा चित्रपट कोणी काढला तर तो आंबा घाटातल्या धुक्यात काढण्याचा मोह त्याला होईल, आणि तो टाळावा. कागल-मुरगूडच्या रस्त्यावर ऐन गळीत हंगामात, दुपारच्या उन्हात, दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर घ्यावा. त्याच्या मागे रिफ्लेक्टर नसावा, स्पीकरवर गाणे मोठ्याने लागलेले असावे, आणि मागच्या गाडीने कितीही डिपर मारला तरी चालकाचा हात बराच वेळ बाहेर येऊ नये.