तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या टर्नमध्ये तुझी गोळी कशी?

रविवारी आमच्या चिमुकल्या शिपायांच्या खेळाच्या टेबलाशी कोणी नवखा बसला की पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न येतोच. कोणी हसत विचारतं, कोणी चिडून. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने जवळजवळ ओरडूनच विचारला. त्याचा शिपाई भिंतीआडून बाहेर आला. समोरच्या गच्चीवर माझी रायफलवाली दबा धरून होती. मी म्हटलं, "गोळी झाडते." हा खुर्चीवरून उठलाच. "मावशी, टर्न माझा आहे ना? मग तू मध्येच कशी काय मारतेस?"

"नियम आहे," म्हणून मी तेव्हा वेळ मारून नेली. पण हा प्रश्न आजवर इतक्या जणांनी विचारलाय, की त्याचं नीट उत्तर मी देणं लागते.

आम्ही खेळतो तो खेळ इन्फिनिटी. कॉर्व्हस बेली नावाच्या स्पॅनिश कंपनीचा. चार फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर एमडीएफची घरं, जिने, कंटेनर, आणि प्रत्येकाचे दहा-पंधरा चिमुकले धातूचे शिपाई. अंतर इंचात मोजायचं, निकाल वीस बाजूंच्या फाशाने लावायचा. टर्न एकाआड एक असतात, पण बुद्धिबळासारखी एकच खेळी करून थांबायचं नसतं. जितके शिपाई साधारण तितक्या ऑर्डरी हाताशी असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच शिपायावर उधळल्या तरी चालतं. मग तोवर समोरच्याने काय वाती वळत बसायचं? त्याच्यासाठी एआरओ आहे, म्हणजे ऑटोमॅटिक रिअ‍ॅक्शन ऑर्डर. तुमच्या शिपायाने माझ्या शिपायाच्या नजरेच्या टप्प्यात काही केलं की माझ्या शिपायाला एक प्रतिक्रिया फुकट मिळते. एकदाच नाही, दर ऑर्डरीला. बारा वेळा डोकं बाहेर काढलंत तर बाराही वेळा.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. वाजतं ते 'आधी कोण' यावर. भाचा म्हणतो, बाहेर मी आधी आलो, म्हणजे गोळी माझी आधी. मी म्हणते, तू बाहेर आलास म्हणून तर मला दिसलास. दोघांच्याही डोळ्यांपुढे सिनेमा चाललेला असतो, आणि आपापल्या सिनेमात प्रत्येकाचाच हात बंदुकीवर आधी जातो. त्या सिनेमावर वाद घालत बसलं तर रात्र सरेल.

नियमांना या सिनेमाशी काही देणंघेणं नाही. त्यांनी एका ऑर्डरीचे खण पाडलेत. पहिल्या खणात तुम्ही शिपाई निवडता आणि त्याची पहिली कृती जाहीर करता, समजा चालणं. टेप लावून त्याला नव्या जागी ठेवता. दुसऱ्या खणात मी सांगते, माझं कोण कोण बघतंय आणि काय करणार. तिसऱ्यात तुम्ही दुसरी कृती जाहीर करता, गोळी झाडणं म्हणा. हे सगळं बोलून झालं की मग पुन्हा टेप निघते, नेमाचं अंतर मोजलं जातं आणि फासे पडतात. पल्ल्याबाहेर गोळी जाहीर करून बसला असाल तर तो शिपाई नुसताच उभा राहतो. गोळ्या मात्र सगळ्यांच्या एकाच क्षणी सुटलेल्या धरतात. म्हणजे क्रम आहे तो फक्त बोलण्याला. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

त्या दिवशीचं गणितच मांडते. भाच्याच्या शिपायाचा नेम १२. हातात कॉम्बी रायफल, अंतर १६ इंचांच्या आत म्हणून ३ वाढले. माझी रायफलवाली कठड्याआड म्हणून ३ गेले. परत १२. टर्न त्याचा, म्हणून त्याला तीन फासे. माझ्या बाईचा नेम ११, रायफल तीच, अंतर तेच म्हणून ३ वाढले, आणि हा पठ्ठ्या उघड्यावर. म्हणजे १४. पण प्रतिक्रियेत मला फासा एकच. आपल्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी पडला तर गोळी लागू. दोघांचीही लागू झाली तर ज्याचा फासा मोठा तो दुसऱ्याचे लहान फासे रद्द करतो. त्याला पडले ४, ९ आणि १७. सतरा वाया गेला. मला पडला ११. माझ्या अकराने त्याचे चार आणि नऊ दोन्ही खाल्ले. चिलखतासाठी टाकलेल्या फाशानेही त्याला दगा दिला, आणि शिपाई आडवा झाला. तीन गोळ्या एका गोळीला हरल्या म्हणून तो घुश्शात होता. पण त्याच्या पारड्यात तीन फासे होते ते टर्न त्याचा होता म्हणूनच. टर्न असण्याचा फायदा इथे एवढाच. 'आधी मी' असा फायदा कुणालाच नाही.

खरी मेख दुसऱ्या खणात आहे. भाच्याचा शिपाई बाहेर आला तेव्हा तो पुढे गोळी झाडणार की नुसता पळत पलीकडच्या कंटेनरमागे जाणार, हे मला ठाऊक नसतं. बोलायचं मात्र मला तेव्हाच. मी 'झाडते' म्हटलं आणि तो नुसता पळाला, तर माझ्या एका फाशाला अडवणारं कोणी नाही, माझी चंगळ. मी 'चुकवते' म्हटलं आणि त्याने झाडलंच नाही, तर माझी संधी गेली. आणि मी गप्प बसले, मग त्याने झाडलं, तर मला तोंड उघडायचा हक्क नाही. 'आधी बघते, मग सांगते' चालत नाही. ज्याला तो दुसऱ्या कृतीपर्यंत दिसतच नव्हता, त्यालाच नव्याने बोलायची मुभा.

या नियमावर मी स्वतः माती खाल्लेली आहे, तीही पंच म्हणून. छोटी स्पर्धा, शेवटचा सामना, दोघंही दमलेले. एकाने शिपाई कोपऱ्यावरून पुढे काढला. दुसरा पाण्याची बाटली उघडत होता, काही बोलला नाही. पहिल्याने जरा थांबून गोळी जाहीर केली. तेव्हा दुसरा म्हणाला, "हां हां, मग मीपण झाडतो." माझ्याकडे पाहिलं दोघांनी. मला दया आली. म्हटलं, बाटली उघडत होता बिचारा, चालू दे. त्या एका फाशाने पहिल्याचा सगळ्यात महागडा शिपाई गेला आणि सामनाही गेला. घरी येऊन नियमपुस्तिका उघडली तर शंकेला जागाच नव्हती: दिसत असून बोलला नाहीस, तर संधी गेली. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून चूक कबूल केली. तो चांगला माणूस, हसला. पण ट्रॉफी दुसऱ्याच्याच घरी आहे. तेव्हापासून कोणी शिपाई हलवला की मी समोरच्याला मोठ्याने विचारते, "एआरओ?" आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

हाच गुंता दुसऱ्या खेळांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. डन्जन्स अँड ड्रॅगन्सची चौथी आवृत्ती २००८ साली आली. चौकटींच्या नकाशावर मिनिएचर्स मांडून खेळायची. तिने मध्ये पडण्याचे सरळ दोन प्रकारच केले. 'इंटरप्ट' घडतो तो कारणाच्या आधी, 'रिअ‍ॅक्शन' घडते ती कारण पूर्ण झाल्यावर. राक्षसाच्या वाराची बेरीज झाली १९, माझ्या जादूगाराचा बचाव १७, म्हणजे वार लागला. आता मी 'शील्ड' म्हणते. तो इंटरप्ट, बचावात ४ वाढतात, झाले २१. लागलेला वार हुकला! नवख्याला ही चक्क लबाडी वाटते. तसंच लढवय्याचं. त्याने खूण केलेल्या शेजारच्या शत्रूने दुसऱ्या कुणावर हात उगारला, तर लढवय्याचा वार त्याच्या आधी पडतो. त्यात शत्रू मेला तर त्याने उगारलेला हात हवेतच विरतो. तोच वार रिअ‍ॅक्शन असता तर आधी मित्र जखमी झाला असता, मग शत्रू मेला असता. एका शब्दाने एक माणूस वाचतो. म्हणून कुठलाही नवा खेळ शिकवताना मी एवढंच विचारायला लावते: ही गोष्ट त्या गोष्टीच्या आधी, नंतर, की एकदम? हे तीनच पर्याय. उत्तर कार्डावर कुठेतरी लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा आपण न वाचलेल्या ओळीत.

ही व्यवस्था कागदावर मला सगळ्यात स्वच्छ वाटते. टेबलावर मात्र जीव नकोसा होतो. एका फेरीत एकच तातडीची कृती आणि तीही स्वतःच्या टर्नमध्ये नाही, असा लगाम असूनही पाच जण पाच बाजूंनी "थांब, थांब" करत असतात.

वॉरहॅमर ४०,००० वाल्यांचा तोडगा व्यवहारी आहे. दोन नियम एकाच क्षणी लागू झाले तर क्रम कुणी ठरवायचा? ज्याचा टर्न चालू आहे त्याने. न्याय नाही, पण निकाल आहे, आणि पाच सेकंदांत आहे. त्यांच्याकडेही समोरच्याच्या टर्नमध्ये गोळी झाडता येते, ओव्हरवॉच म्हणतात. पण २०२३च्या दहाव्या आवृत्तीत त्यासाठी एक कमांड पॉइंट मोजावा लागतो, आणि फाशावर चक्क सहा पडला तरच लागते. माझा भाचा तिकडे जास्त सुखी झाला असता.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो २०१२ सालच्या एक्स-विंगचा नियम. विमानं हलवायची ती कमी कौशल्याच्या वैमानिकापासून वर, गोळ्या झाडायच्या त्या जास्त कौशल्यापासून खाली. आणि दोघांचं कौशल्य सारखं असेल तर? पहिल्याने दुसऱ्याचं विमान उडवलं तरी ते लगेच टेबलावरून उचलायचं नाही. मेलेल्याने आपली गोळी झाडायची, मग जायचं. 'एकदम' याचा अर्थ इतक्या सरळपणे दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला आठवत नाही.

प्रश्नही काही नवा नाही. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झ या लेफ्टनंटने सैन्यासाठी क्रीगस्पील या युद्धखेळाचे नियम लिहिले, तेव्हा एक फेरी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं धरली होती. दोन्ही पक्षांनी हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाला द्यायचे, आणि ठोकळे हलवायचे पंचाने. 'आधी मी' म्हणायला जागाच ठेवली नाही. फक्त पंच तेवढ्या तोलाचा हवा, आणि आमच्याकडे कोण पंच असतं ते वर सांगितलंच आहे.

भाच्याला शेवटी पटलं ते यातल्या कशाने नाही. तो शाळेत खो-खो खेळतो. मी म्हटलं, खो मिळायच्या आधी उठलास तर काय होतं? म्हणाला, फाउल. मग खो देणाऱ्याच्या पाठोपाठ तू उठलास, तर तू त्याच्या 'मध्येच' पडलास का? तो जरा थांबला. "पण खो ऐकू यायला पाहिजे," म्हणाला. म्हटलं, हो ना, म्हणून तर मी मोठ्याने ओरडते.

परवाच्या रविवारी माझा टर्न होता. डॉक्टरला जखमी शिपायाकडे पळवत नेलं, टेप गुंडाळली, पट्टी बांधायचं जाहीर करायला तोंड उघडलं. समोरून आवाज आला, "मावशी, एआरओ." दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत त्याचा स्नायपर होता. दोन तास तिथेच होता, मी विसरले होते.

"टाइम प्लीज," मी म्हटलं.

"नियमात नाही," तो म्हणाला, आणि फासा हातात घोळवत माझ्या दुसऱ्या कृतीची वाट बघत बसला.