गेपांग गथच्या काठावर

पुण्यात संगणकाच्या पडद्यावर ज्याची काठरेषा मी अनेकदा आखली होती, तो गेपांग गथ हिमतलाव सप्टेंबरअखेरीस प्रथमच प्रत्यक्ष पाहिला. मनालीकडून अटल बोगद्याचे ९.०२ किलोमीटर पार केले की लाहौलमधले सिस्सू गाव लागते. तिथून तलावातून येणाऱ्या ओढ्याच्या कडेने चढण सुरू होते. हा ओढा चंद्रा नदीला मिळतो आणि पुढे तांदी येथे चंद्रा व भागा एकत्र येतात. पंढरपूरच्या नदीचे नाव इतक्या उत्तरेला ऐकून मन भरून आले.

तलाव ४,०६८ मीटर उंचीवर आहे. इस्रोच्या अभ्यासानुसार १९८९ मध्ये त्याचे क्षेत्र ३६.४९ हेक्टर होते, ते २०२२ पर्यंत १०१.३० हेक्टर झाले. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर बाजूचा चौकोन असतो. या मापाने सुमारे ४०५ चौकोनांचे ११२५ झाले. पाणी हिरवा प्रकाश काही प्रमाणात परत पाठवते आणि अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते, या फरकावरून संगणक ते ओळखतो; मात्र डोंगराची सावलीही त्याला पाण्यासारखी भासते आणि तरंगते हिमखंड तो वगळून टाकतो, म्हणून रेषा अखेर हातानेच दुरुस्त करावी लागते. ते हिमखंड आता समोर दिसत होते. पाणी वाढले आहे ते पलीकडच्या टोकाला, हिमनदी मागे सरली त्या बाजूला. तिथवर मला जाता आले नाही.

अलीकडे बांध आहे तो हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा. त्यावरून चालताना पायाखालचे धोंडे हलत होते आणि सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव आठवत होता. २८ सप्टेंबर २०२३ रोजी तो १६७.४ हेक्टर होता. ४ ऑक्टोबरच्या चित्रात ६०.३ हेक्टर उरला. काठावरच्या हिमोढाचा उतार पाण्यात कोसळला, लाट उसळली, बांध फुटला आणि तीस्तेवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले.

बांधाच्या बाजूने काठाचे जीपीएस बिंदू घेतले. उतरताना सिस्सूजवळ ओढ्यालगतच्या शेतांत बटाट्याची काढणी चालू होती. माझ्या नकाशात ही शेते नव्हती. त्यांच्या बांधांचेही बिंदू घेतले.