वाचा फुटण्यासाठी वेखंड मागायला आलेल्या आजी

मी पुण्यात मंडईच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात काम करतो. वेखंडाचं गिऱ्हाईक नाही असा दिवस जात नाही आमच्याकडे. कुणाला गुटीसाठी हवं, कुणाला न्हाणं झाल्यावर बाळाच्या टाळूवर घालायला पूड, कुणी पोथ्यांच्या कपाटात ठेवायला नेतं कसर लागू नये म्हणून, आणि पाचवीला बाळाच्या मनगटाला बांधायला तुकडे तर अजूनही नेतात लोक. माझा स्वतःचा फार जीव आहे या वेखंडावर.

मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या, कडेवर अडीच वर्षांचा नातू. म्हणाल्या, "दादा, चांगलं जाड बघून दे, याला अजून वाचा फुटली नाही, सोन्याच्या अंगठीबरोबर उगाळून मधातून चाटवायचंय देवासमोर." मी निवडून दिलं आणि सांगत होतो की आजी एखाददुसराच वेढा घ्या, जास्त झालं तर उलट्या होतात, आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं अपायकारक द्रव्य बरंच असतं, अमेरिकेत तर 1968 पासून खाण्यात घालायला बंदी आहे. तेवढ्यात मागे दुकानातल्या पोराच्या हातून लोखंडी बत्ता फरशीवर पडला. आजी दचकल्या, दारातलं गिऱ्हाईक दचकलं, मी पण. नातू मात्र वेखंडाच्या गाठी नखाने कुरतडत बसलेला, पापणीसुद्धा हलली नाही त्याची.

माझ्या पोटात गोळाच आला. त्याच्या पाठीमागे जाऊन रिठ्यांचा डबा वाजवला, काही नाही. आजींना म्हटलं, याला ऐकू येतंय का बघितलंय कधी? त्या चिडल्याच, "अरे मोबाईलवर गाणं लावलं की नाचतो की तो!" मी म्हटलं, आवाज बंद करून लावा बरं. त्यांनी लावलं. आणि तो काउंटरवर उभा राहून स्क्रीनकडे बघत तस्साच नाचायला लागला, हात वर करून, हसत. आजींनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

वेखंड त्यांनी नेलंच, मीही अडवलं नाही. श्रद्धा आहे त्यांची, पण कानच बंद असतील तर जिभेला काय चाटवून उपयोग, मूल ऐकतं तेव्हा बोलायला शिकतं ना. म्हटलं आधी बेरा टेस्टची, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणाऱ्या तपासणीची, तारीख घ्या, अंगणवाडीत पण विचारा, सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते.

नंतर त्याची आई दुकानात आली. दोन्ही कानांनी जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं त्याला. आता मशीन लावलंय, स्पीच थेरपी चालू आहे, आणि कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, केंद्राच्या योजनेत कागदपत्रं दिलीत, तिथे साधारण पाच वर्षांच्या आतलंच मूल घेतात म्हणून त्यांची सगळी धावपळ चाललीय. वाचेसाठी वेखंड मागणाऱ्या प्रत्येकाला मी आता पुडी बांधायच्या आधी ऐकण्याचं विचारतो, कुणाला राग आला तरी.