शतपावलीचा हिशेब

जेवणानंतरच्या फेऱ्यांना आपण शतपावली म्हणतो, पण त्यात खरंच शंभर पावलं मोजणारा माणूस विरळा. मोजण्याचं काम आता मनगटावरच्या पट्ट्याकडे गेलं आहे. गंमत म्हणजे हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये, ही रेंगाळती चालच पट्ट्याला सर्वांत जड जाते.

पट्ट्याला पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटातली ॲक्सेलरोमीटरची इवलीशी चिप तीन दिशांनी बसणारे हिसके टिपत असते. साधारण चालीत मिनिटाला 100 ते 120 पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास. या लयीत आलेला, ठरावीक जोराचा हिसका म्हणजे पाऊल, असं पट्टा धरून चालतो. एखादा सुटा झटका हिशेबात येऊ नये म्हणून बरेच पट्टे सलग आठ-दहा पावलांची लय सापडेपर्यंत थांबतात आणि मग मागची बाकी एकदम जमा करतात. रस्त्यावर याने काही बिघडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र पाच-सहा पावलांवर भिंत येते, वळताना लय मोडते आणि पट्टा पुन्हा वाट बघत बसतो.

वेग ताशी 3 किलोमीटरच्या खाली गेला तर आणखी पंचाईत. टाच हळू टेकते, हात झुलत नाही, हिसका पुरेसा बसतच नाही. म्हणून काठी टेकत चालणाऱ्या आजोबांची पावलं सर्रास गळतात. म्हणजे ज्यांना एकेक पाऊल महाग, त्यांच्याच खात्यात कंजुषी! बाबागाडी, वॉकर, ट्रेडमिलचा दांडा, जिन्याचा कठडा, काहीही धरलं की मनगट स्थिर आणि पट्टा गप्प. अशा वेळी तो घोट्याला बांधावा किंवा सरळ पँटच्या खिशात टाकावा. उलट भजनात तासभर टाळ वाजवणारा बसल्या जागी बरंच अंतर चालून येतो. पोळ्या लाटणं आणि खड्ड्यांतून स्कूटर चालवणं हेही त्याच जातीचं. पट्टा उजव्या हाताला असेल तर ॲपमध्ये तसं सांगावं. कामाच्या हाताची वायफळ हालचाल काही कंपन्यांचे पट्टे मग जरा कमी धरतात.

पट्टा किती खरं बोलतो, हे तपासायला शतपावलीच उत्तम. मोकळ्या सरळ रस्त्यावर उभं राहून आकडा लिहून घ्यावा, नेहमीच्या वेगाने मोजून 100 पावलं टाकावीत, थांबून पंधराएक सेकंदांनी पुन्हा आकडा बघावा. मध्येच मनगट वर करून डोकावू नये, त्यानेही हिशेब चुकतो. वीस पावलांत ही परीक्षा होत नाही, कारण सुरुवातीची आठ-दहा वाट बघण्यातच जातात. तीनदा करावं. जपानी औद्योगिक मानकाने पावलं मोजणाऱ्या यंत्रांना शंभरात 3 पावलांची चूक माफ केली होती. 97 ते 103 आलं तर तक्रारीला जागा नाही. मग तेच घरात, जेवणानंतरच्या चालीने करून बघावं. फरक तिथे कळतो.

अंतराचा आकडा आणखी उधारीचा. जीपीएस बंद असेल तर पट्टा तुमची उंची साधारण 0.41 ने गुणून पाऊल किती लांब ते ठरवतो. 160 सेंटिमीटर उंचीला 66 सेंटिमीटरचं पाऊल. प्रत्यक्षात ते 58 चं असेल तर दहा हजार पावलांत 800 मीटर हवेतले! उपाय सोपा: 400 मीटरच्या ट्रॅकवर सर्वांत आतल्या पट्टीतून एक फेरी मारावी आणि 400 ला पावलांनी भागावं. 690 पावलं झाली तर उत्तर 58 सेंटिमीटर. तेच ॲपमध्ये भरावं.

कॅलरींबद्दल बोलायलाच नको. स्टॅनफर्डच्या 2017 च्या अभ्यासात 60 जणांवर 7 उपकरणं तपासली होती. नाडीचे ठोके सहांनी 5 टक्क्यांच्या आत मोजले. कॅलरींत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक 27 टक्के निघाली. त्या भरवशावर बासुंदीची दुसरी वाटी घेऊ नये.

आणि दहा हजारांचा तो पवित्र आकडा? 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या यंत्राचं नावच ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आधी नाव, संशोधन नंतर.

तरी रोजची तुलना करायला पट्टा कामाचा आहे, हात आणि पट्ट्याचं भोक तेवढं बदलू नये. फक्त बहुतेक घरांत तो चार्जिंगला लागतो रात्रीच्या जेवणानंतर, ऐन शतपावलीच्या वेळी.