वारीच्या वाटेवरची भीती आणि माउलीचा भरवसा

आषाढी वारीची वेळच अशी, की शेतकरी वारकरी जीव टांगणीला लावून घर सोडतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा कुणाची पेरणी झालेली असते, कुणाची अडलेली असते. पहिले काही मुक्काम दिंडीत एकच विचारणा चालते: ‘तुमच्याकडं पाऊस झाला का?’

यावर आमच्या दिंडीतल्या जुन्या मंडळींचं सांगणं ठरलेलं आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरायचं नाही, आणि वारीला निघायचंय म्हणून घाईनं तर मुळीच नाही. तसा पाऊस झाला नसेल तर बी-खत घरच्यांच्या हवाली करायचं, पेरणीला ट्रॅक्टर कुणाचा ते बोलून ठेवायचं आणि निघायचं. घरी फोन संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर, एकदाच. दिवसभर फोन कानाला लावून चालणाऱ्याचं पाऊल टाळाबरोबर पडत नाही आणि धास्तीही कमी होत नाही. विठ्ठलाचं नाव घेतलं की दुबार पेरणी टळते, असं आम्ही कुणालाही सांगत नाही. तसं सांगितलं आणि पावसानं दडी मारली, तर तो माणूस देवापासूनच तुटतो. सांगतो ते इतकंच: तुझ्या हातातलं करून झालं, आता राहिलेलं त्याच्या कानावर घाल. पहाटे काकड आरतीला उभा राहशील तेव्हा शेताचं, लेकराबाळांचं नाव घेऊन सांग. देवाशी मोघम बोलू नये.

‘जेथे जातो तेथे’ हा तुकोबांचा अभंग वाटेत कुणीतरी धरतोच. त्यातही वाट भक्तच चालतो. भार तेवढा विठ्ठल सोबत वाहतो. चालणं देवावर टाकून बसलेला माणूस त्या अभंगात नाही.

नव्या वारकऱ्याला सगळ्यात जास्त भीती असते चुकण्याची. लाखोंच्या लोंढ्यात आपली माणसं दिसेनाशी झाली की पोटात गोळा येतो, आणि मग माणूस हमखास पुढं पळत सुटतो. दिंडी मात्र मागं राहिलेली असते. आणखी एक घोटाळा दिंडीच्या नंबराचा. नंबर पालखीच्या रथापुढचे वेगळे आणि रथामागचे वेगळे. नुसतं ‘बारा नंबर’ म्हटल्यावर दोन दिंड्या निघतात. म्हणून गळ्यातल्या चिठ्ठीवर ‘रथापुढे’ की ‘रथामागे’, नंबर, विणेकऱ्याचं नाव, सामानाच्या ट्रकचा नंबर आणि घरचा फोन एवढं लिहायचं, नि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालायची. चुकल्यावर उलट्या दिशेनं जायचं नाही. रस्त्याच्या कडेला थांबायचं, जी दिंडी येईल तिच्या ओळीत शिरायचं आणि तळापर्यंत, म्हणजे मुक्कामाच्या जागेपर्यंत, चालत राहायचं. ‘माउली, चुकलोय’ म्हटलं की कुणी ना कुणी हात धरतंच.

तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा इतका कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथं जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात, मगच ते टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची पुकारणी होते, कुठली वस्तू कुठल्या दिंडीत आहे ते सांगितलं जातं, आणि आरती लागते. देवाकडं गाऱ्हाणं कसं न्यायचं हे आम्ही तिथंच शिकतो: आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाईपर्यंत टाळ सोडायचा नाही, आणि ऐकून घेतल्यावर आरतीला सगळ्यांबरोबर उभं राहायचं.

पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या वरचा, बहुधा एकादशीचा, आणि त्यात दिवे घाट. माउलींच्या रथालाही तिथं जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. म्हातारी माणसं घाटाच्या पायथ्याशीच घाबरतात. वडकीला बसून पाणी, केळं, राजगिऱ्याचा लाडू घ्यायचा. निर्जळी उपास धरून घाट चढायचा नाही. चढताना ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ एका दमात म्हणता आलं तर चाल बरोबर आहे. मध्येच श्वास तुटला तर पाऊल आखूड करायचं, पण नाम सोडायचं नाही. घाबरलेल्याचा श्वास वरच्या वर चालतो, आणि नाम तो खाली आणतं. छातीत कळ आली, हात जड पडला किंवा गरगरलं, तर मात्र ‘माउली नेईल’ म्हणत पुढं चालायचं नाही. जागेवर बसायचं आणि रुग्णवाहिकेला हाक मारायची. ती हाकही माउलीच ऐकते, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे.

जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट पाजत राहायचं. विजा चमकू लागल्या तर एकट्या झाडाखाली जायचं नाही, लोखंडी काठीची पताका आडवी ठेवायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर यायचं नाही. कुणी याला अविश्वास म्हणतं, ते पटत नाही. २०२० आणि २०२१ साली करोनामुळं पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आम्ही घरीच हरिपाठ केला. भरवसा तेव्हाही होता.

शेवटची धास्ती चंद्रभागेची. उजनीतून पाणी सोडलं किंवा वीर धरणाचं पाणी नीरेतून आलं, की पात्र चढतं. वाळू उपशाचे खड्डे त्या गढूळ पाण्यात दिसत नाहीत, म्हणून काल गुडघाभर होतं तिथं आज माणूस बुडतो. स्नान घाटाच्या पायऱ्यांवर, दोघातिघांनी हात धरून करायचं, आणि बॅरिकेडच्या पलीकडं जायचं नाही. ज्याला पाण्याची भीती वाटते, त्यानं काठावर बसून तांब्यानं अंगावर घेतलं तरी स्नान पुरं होतं. बरोबरच्यांनी त्याला ओढून आत नेऊ नये.