रस्ता चुकलात काय?

शनिवार, रात्र

"मॅडम, रस्ता चुकलात काय?" एवढंच विचारलं त्या वॉचमनने. आणि मी "हो" म्हणाले.

का म्हणाले? चुकले नव्हते. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, माझगाव, दारूखाना, कॉटन ग्रीन करत शिवडीच्या जेट्टीपर्यंत किनारा धरून चालायचं, असं ठरवून गेले होते. नीलूला सांगितलंही होतं. ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

किनारा धरून म्हणे! धक्क्यावर समुद्र दिसला. रेवसच्या लाँचची रांग, बर्फाचं वितळतं पाणी, मासळीच्या पाट्या. तिथून पुढे हाताला लागते ती भिंत. गोदीची भिंत, गोदामाची भिंत, पत्र्याचं कुंपण, परत भिंत. समुद्र पलीकडे आहे हे वासावरून ओळखायचं.

दारूखान्यात तर रस्ता कुठला आणि दुकान कुठलं तेच कळेना. तोडलेल्या जहाजांचे पत्रे, मनगटाएवढ्या जाड साखळ्या, गॅसकटरच्या ठिणग्या, पायाखाली तेलाचा काळा थर. त्यात मी नवे बूट, टोपी, गळ्यात पाण्याची बाटली अशी. त्याने विचारलं ते काही वावगं नव्हतं. सभ्य माणूस. खुर्चीवरून उठून रे रोड स्टेशनची वाट दाखवली, आणि मी मुकाट त्या वाटेला लागले.

आबा एकतीस वर्षं गोदीत क्रेनवर होते, हे एक वाक्य तोंडातून निघालं नाही. शाळेत असताना यलो गेटपाशी डबा घेऊन उभी राहायचे, तेव्हा कोणी विचारलं नाही रस्ता चुकलीस का म्हणून. आजोबांनी 14 एप्रिल 1944 चा स्फोट पाहिलेला. फोर्ट स्टिकिन बोटीत दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या लगडीही होत्या. त्या उडाल्या म्हणतात. आमच्या छपरावर मात्र जळका पत्रा आला. एवढं सगळं गाठीशी असून "हो". घर विकायच्या वेळीही सुधीरला असंच "हो" म्हणाले होते. असो.

बरं, "नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोण पाहिजे? तिथे कोणीच नको होतं मला. वडील इथे होते म्हणून मी फिरायला आले, हे त्या उन्हात, साखळ्या ओढणाऱ्या माणसांसमोर बोलायचं? फिरायला? त्यापेक्षा चुकलेली बाई बरी.

तरी "हो" नको होतं म्हणायला.

रे रोडला तिकीट काढलं आणि दोन स्टेशनं लोकलने गेले! किनाऱ्याने चालत जाणारी मी! डब्यात एकटीच हसले, समोरच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली. शिवडीला ओहोटी होती. लांबवर चिखलात रोहित पक्षी, गुलाबी रेघ ओढावी तसे, आणि मागे अटल सेतू सरळ न्हावा-शेव्याकडे गेलेला. सकाळपासून दुसऱ्यांदा समुद्र दिसला, तोही चिखल होऊन. पाऊण तास बसले. जेट्टीवर सगळेच माझ्यासारखे, टोपी आणि बाटली. तिथे कोणी काही विचारलं नाही, आणि त्याचंही जरा वाईटच वाटलं. माझं काही खरं नाही.

संध्याकाळी आबांना फोनवर सांगितलं, रडकुंडीला येऊन. वॉचमनचं, "हो"चं, सगळं. ते मध्येच म्हणाले, "वॉचमन कुठल्या हाताला बसला होता? डाव्या?"

"डाव्या."

"मग बरोबर सांगितलं त्याने. तिथून पुढे वाट नाहीच. चुकलीच होतीस तू."

बुटांचा तळ रॉकेलने पुसला. तेल निघालं नाही.